घर, पास आणि अंतर : मुंबईतील वस्तीचा इतिहास

मुंबईत घर घेताना किंवा भाड्याने पाहताना दोन रकमा शेजारी ठेवून पाहिल्या जातात. एक घराचा हप्ता किंवा भाडे, दुसरी कामावर जाण्यायेण्याचा खर्च. गाव लांबचे तर घर स्वस्त, जवळचे तर महाग, एवढे सगळेच जाणतात. परंतु किती लांब गेल्यावर किती स्वस्त मिळावे, हे मुंबईत केवळ बाजाराने ठरवलेले नाही. रेल्वेचा पास, भाड्याचा कायदा आणि जमिनीचे नियम या तीन सरकारी गोष्टींनी ते पिढ्यानपिढ्या ठरवले आहे. डोंबिवलीला किंवा विरारला राहायला गेलेल्या कुटुंबाने स्वतःच्या मर्जीने घर निवडले असे वरवर दिसते. त्याच्यापुढे निवडायला काय उरले होते, हे पाहायचे तर मागे जावे लागते.

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. रोज कामावर येणाऱ्यांची सोय हा त्या मार्गाचा हेतू नव्हता. घाटावरचा कापूस बंदरापर्यंत आणणे आणि विलायती माल देशावर पोहोचवणे यासाठी तो बांधला गेला. पश्चिमेकडे 12 एप्रिल 1867 पासून विरार ते बॅकबे अशी दिवसाला एक गाडी सुरू झाली. शहर तेव्हा बेटाच्या दक्षिण टोकाला एकवटलेले होते. कोटात पेढ्या आणि कचेऱ्या, कोटाबाहेर भुलेश्वर, काळबादेवी, गिरगाव. कारकून, दुकानदार, कारागीर पायी कामावर जात. श्रीमंतांकडे घोडागाड्या होत्या, म्हणून मलबार हिलसारख्या मोकळ्या टेकडीवर बंगला बांधणे त्यांनाच परवडे. 9 मे 1874 रोजी घोड्यांची ट्राम आली आणि 1907 मध्ये विजेची. चालण्याच्या टप्प्यापलीकडे राहून रोज कामावर येणे मध्यम मिळकतीच्या माणसाला ट्राममुळे प्रथमच जमू लागले.

गिरण्यांनी याच्या नेमकी उलट वस्ती घडवली. कावसजी दावर यांनी 1854 मध्ये ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची पायाभरणी केली. पुढच्या अर्धशतकात भायखळा, लालबाग, परळ, डिलाईल रोड हा सगळा भाग गिरण्यांच्या भोंग्यांवर चालू लागला. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेले कामगार गिरणीच्या भिंतीला खेटूनच राहिले. 1920च्या दशकातल्या पाहणीत दहापैकी नऊ गिरणी कामगार कामाच्या जागेपासून पंधरा मिनिटांच्या चालीवर राहत असल्याचे आढळले.

याला फक्त गरिबी हे कारण पुरत नाही. कामगारांचा मोठा भाग बदली होता. पहाटे गिरणीच्या दारात उभे राहायचे आणि मुकादमाने घेतले तर त्या दिवसाचा रोज मिळायचा. काम मिळेल याचीच खात्री नसताना ट्रामचे भाडे खर्चून कोण येणार? शिवाय मुकादमाची ओळख, वाण्याकडची उधारी, खानावळवालीचा महिन्याचा हिशेब आणि गाववाल्यांचा गाळा हे सगळे त्याच चारदोन गल्ल्यांत होते. संप झाला, आजारपण आले किंवा काम सुटले तर माणूस याच ओळखींवर तग धरत असे. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहाबारा जण भाड्यापोटी जे देत त्यात नुसते छप्पर नव्हते. गिरणीच्या दाराचे सान्निध्य आणि अडीअडचणीची पत हीही त्या भाड्यातच येत होती. गिरणगावातली खोली क्षेत्रफळाच्या मानाने महाग होती. तरी तिथे राहणाऱ्याला दुसरीकडची मोठी खोली स्वस्त पडली नसती.

सरकारला याचा प्रत्यय लवकरच आला. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणे आणि दादर, माटुंगा, वडाळा, शीव या उत्तरेच्या भागांत आखीव वसाहती उभारणे हे त्याचे काम. पुढे गव्हर्नर लॉइड यांच्या काळात, 1920 मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे त्याने काँक्रीटच्या 207 चाळी बांधल्या. कामगारांसाठी बांधलेल्या या चाळी, विशेषतः वरळीच्या, कित्येक वर्षे मोठ्या प्रमाणात रिकाम्या राहिल्या. भाडे झेपत नव्हते. बाजार, दवाखाना, दिवाबत्ती यांची सोय अपुरी होती आणि गिरण्यांच्या गजबजाटापासून वरळी तेव्हा दूर पडे. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा चक्क तुरुंग म्हणून वापर झाला. बांधणाऱ्याने घराची किंमत मोजली, राहणाऱ्याने घर आणि वाट दोन्ही मोजली. या शहरात पुढे आलेल्या जवळजवळ प्रत्येक सरकारी घरयोजनेत हीच चूक फिरून झालेली दिसते.

ठराविक पगार आणि ठराविक वेळ असलेल्या नोकरदाराचे गणित निराळे होते. कचेरी दहाला उघडणार आणि पगार महिन्याच्या महिन्याला होणार, हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणून तो महिन्याचा पास काढू शकत होता. 3 फेब्रुवारी 1925 रोजी हार्बर मार्गावर व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली. 1928 मध्ये वीज बोरिवलीपर्यंत, 1929 मध्ये कल्याणपर्यंत आणि 1936 मध्ये विरारपर्यंत गेली. गाड्यांचा वेग वाढला, फेऱ्या वाढल्या आणि पार्ले, सांताक्रूझ, मुलुंड या गावांभोवती बंगल्यांच्या आणि छोट्या इमारतींच्या वसाहती दिसू लागल्या. एकट्याने जमीन घेणे ज्यांना अशक्य होते त्यांनी सहकाराचा मार्ग धरला. गावदेवीची सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी 1915 मध्ये स्थापन झाली. ती देशातल्या सर्वात जुन्या गृहनिर्माण संस्थांपैकी एक आहे. तरीही स्वातंत्र्यापर्यंत उपनगर ही बहुतेकांची हौस किंवा सोय होती. ज्याला गिरगावात राहायचे होते त्याला तिथे खोली मिळत होती.

ती मिळेनाशी झाली याचे एक मोठे कारण भाडेनियंत्रण. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली तेव्हा 1918 मध्ये तात्पुरता कायदा आला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर 1947 चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला आणि त्याने बहुतेक जुन्या जागांची भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत असताना आणि घरांची तीव्र टंचाई असताना या कायद्याने लाखो भाडेकरूंना रस्त्यावर येण्यापासून वाचवले, हे त्याचे मोठे श्रेय. मात्र तो मुदतवाढ घेत घेत अर्धशतक टिकला. भाड्यातून दुरुस्तीचाही खर्च निघेना, म्हणून मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली. भाड्याने देण्यासाठी नवी इमारत बांधणे थांबत गेले. जुनी खोली हातात असलेला ती सोडेना, सोडायची तर पागडी मागे. पागडीची रक्कम चार आकड्यांवरून पाच आणि सहा आकड्यांवर गेली.

हा कायदा आधीपासून राहणाऱ्यांचा कैवारी ठरला. त्यांच्या मुलांसाठी त्यात जागा नव्हती. गिरगावच्या किंवा लालबागच्या खोलीत आईवडील आणि थोरला भाऊ मावला की धाकट्याचे लग्न ठरताना पहिला प्रश्न जागेचा येई. बृहन्मुंबईची लोकसंख्या 1951 मध्ये 30 लाखांच्या जवळ होती. ती 1971 मध्ये 60 लाखांच्या जवळ पोहोचली आणि 1981 मध्ये 82 लाखांपुढे गेली. धाकट्याला गाडीचा रस्ता धरण्यावाचून इलाज नव्हता. 1963 च्या मालकी सदनिकांच्या कायद्याने 'ओनरशिप'चा ब्लॉक विकत घेण्याला कायद्याची चौकट मिळाली. 1977 मध्ये हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी सुरू केली आणि पगारदाराला घरासाठी रीतसर कर्ज मिळण्याची वाट हळूहळू रुळली. त्याआधी घर होई ते भविष्यनिर्वाह निधीची उचल, पतपेढीचे कर्ज आणि मोडलेले दागिने यांच्या जोरावर.

या पिढीचे गाव म्हणजे डोंबिवली. व्हीटीपासून सुमारे 48 किलोमीटर, भाताच्या खाचरांनी वेढलेले आणि 1960च्या दशकात शेजारी औद्योगिक वसाहत आलेले हे गाव. बँका, विमा कंपन्या, मंत्रालय, रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी करणारी मराठी कुटुंबे गिरगाव, दादर, परळ सोडून इथे आली. पाणी कमी, वीज वारंवार जाणारी, रस्ते कच्चे. पण दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि घरातलाच संडास स्वतःच्या नावावर झाला होता. चाळीतल्या सार्वजनिक नळावर आणि संडासाच्या रांगेत आयुष्य काढलेल्यांना याचे मोल वेगळे सांगावे लागत नव्हते. त्यांनी गावाला वाचनालये, शाळा आणि नाट्यरसिकांचे वळण दिले. गाडीतल्या भजनी मंडळांपासून डब्यात भाजी निवडणाऱ्या बायकांपर्यंत रोजच्या प्रवासाचीही एक संस्कृती तयार झाली. बसायला जागा मिळावी म्हणून उलट दिशेने कल्याणपर्यंत जाऊन त्याच गाडीने परत येण्याला 'रिटर्न' म्हणतात. तिघांच्या बाकावर अर्धवट टेकायला मिळणारी 'चौथी सीट' तर नात्यासारखी जपली जाते. पश्चिम रेल्वेने 5 मे 1992 रोजी पहिली लेडीज स्पेशल सोडली. त्यामागे घर आणि नोकरी दोन्ही सांभाळत लांबून येणाऱ्या स्त्रियांची वाढलेली संख्या होती.

या साऱ्याला पासाने आधार दिला. दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाचे मूळ भाडे सुमारे पंधरा एकेरी तिकिटांइतके ठेवलेले आहे. नोकरदार महिन्यात पन्नासच्या आसपास एकेरी प्रवास करतो. जून 2014 मध्ये हे प्रमाण दुप्पट करण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा मुंबईत इतका गदारोळ उठला की चारच दिवसांत तो मागे घ्यावा लागला. लोक चिडले ते उगाच नव्हे. घराचा हप्ता आणि पास मिळून ज्या रकमेवर त्यांनी वीसवीस वर्षांचे कर्ज घेतले होते, त्या रकमेचा एक पाया अचानक काढून घेतला जात होता.

पास स्वस्त असल्याने पैशाच्या हिशेबात अंतर जवळजवळ दिसत नाही. ते वेळेच्या हिशेबात दिसते. घरापासून कचेरीपर्यंत दीड तास धरला तर दिवसाला तीन तास आणि पंचवीस दिवसांचे पंचाहत्तर तास होतात. आठ तासांचा एक कामाचा दिवस मानला तर महिन्याला नऊ दिवसांहून जास्त वेळ गाडीत, फलाटावर आणि रिक्षाच्या रांगेत जातो. त्याचा पगार कोणी देत नाही. फोर्टातल्या मालकाला फोर्टात घरभाडे भरता येईल असा पगार द्यावा लागला नाही, कारण नोकरदार डोंबिवलीहून येत होता. या अंतराच्या किमतीचा एक भाग रेल्वेने सोसला आणि उरलेला प्रवाशाने आपल्या झोपेतून आणि मुलांच्या सहवासातून भरला. गर्दीच्या वेळी डब्यात एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसे उभी असतात. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून वर्षाला अडीच हजारांच्या आसपास माणसे मरतात. घराच्या किमतीत ही जोखीम कोणी धरत नाही.

स्वस्त प्रवासाचा फायदा घर घेणाऱ्याकडे फार काळ टिकतही नाही. गाडी वाढली की तो जमिनीच्या भावात जिरतो. वसईविरार हे याचे ठळक उदाहरण आहे. केळी, फुले आणि विड्याच्या पानांच्या बागायतीचा हा पट्टा. 1988 मध्ये सरकारने इथली मोठी जमीन बांधकामासाठी मोकळी केली. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. विहिरींचे पाणी आटेल आणि शेती संपेल, हा त्यांचा इशारा होता. नालासोपारा आणि विरार मात्र वाढत गेले. बोरिवलीत न परवडणाऱ्याने मीरा रोडला घर घेतले, मीरा रोडला न परवडणाऱ्याने नालासोपाऱ्यात. नालासोपाऱ्याच्या गाडीत बोरिवलीपर्यंत पाय ठेवायला जागा उरेना. 16 एप्रिल 2013 पासून लोकल डहाणूपर्यंत, म्हणजे चर्चगेटपासून सुमारे 124 किलोमीटरवर जाऊ लागली आणि बिल्डरांच्या पाट्या तिच्यामागोमाग बोईसर, पालघरला पोहोचल्या. मध्य रेल्वेवर हेच बदलापूर, नेरळ आणि कर्जतला घडले.

माणसे कामाकडे नेण्याऐवजी काम माणसांकडे नेण्याचा एक मोठा प्रयत्न झाला तो नव्या मुंबईचा. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये 'मार्ग' या नियतकालिकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. ते शहर उभारण्यासाठी 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली. सरकारी कचेऱ्या पलीकडे नेल्या तर नोकऱ्या, बाजार आणि घरे एकत्र वाढतील, हा त्या योजनेचा कणा होता. परंतु मंत्रालय हलले नाही. उलट त्याच वर्षांत नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून कार्यालयांचे मनोरे उभे राहिले. एका हाताने नवे शहर आखायचे आणि दुसऱ्या हाताने जुन्या शहराच्या टोकाला नोकऱ्या वाढवायच्या, हे त्या काळातल्या राज्यकर्त्यांचे अक्षम्य अपयश म्हटले पाहिजे. वाशीपर्यंत रेल्वे पोहोचायला 1992 उजाडले आणि नव्या मुंबईतील रेल्वेच्या खर्चातला दोनतृतीयांश वाटा सिडकोने उचलला. घाऊक बाजार वाशीला हलवल्यावर आणि पुढे खासगी कंपन्या आल्यावर तिथे नोकऱ्या वाढल्या. तरी पहिली वीस वर्षे वाशी आणि नेरूळ ही बव्हंशी मुंबईत काम करणाऱ्यांची झोपायची गावेच राहिली.

ज्यांच्याकडे ना घराची किंमत होती ना वेळेची, त्यांनी कायद्याबाहेरची जागा जवळ केली. 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईची सुमारे चाळीस टक्के लोकवस्ती झोपडपट्टीत होती. जागतिक बँकेने 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मुंबईतले 44 टक्के लोक पायी कामावर जात असल्याचे दिसले. गरिबांमध्ये हे प्रमाण 63 टक्के होते. घरकाम करणारी बाई दिवसातून चारपाच घरी जाते, फेरीवाला पहाटे माल उचलतो. लोकलचा पास त्यांच्या कामाचा नसतो. पुनर्वसनात मानखुर्द किंवा माहुलला पक्के घर मिळूनही अनेकांची मिळकत घटली, कारण ओळखीची गिऱ्हाइके आणि घरकामे मागे राहिली. 1920च्या दशकातल्या वरळीचा धडा 2000 नंतरही कोणी घेतला नव्हता.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगावाचा आर्थिक आधार गेला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने आणि 2001 मधल्या तिच्या बदलाने गिरण्यांच्या जमिनींवर कार्यालये, मॉल आणि उंच इमारती येण्याचा मार्ग खुला झाला. जिथे एकेकाळी कामगार पंधरा मिनिटे चालत येत होता, तिथे आता विरार, कल्याण, पनवेलहून माणसे उतरू लागली. स्थानके मात्र गिरणीच्या काळातलीच राहिली. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत 23 जणांचा जीव गेला. या भागात नोकऱ्या आणायचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांनी त्या नोकऱ्यांवर येणारी माणसे कुठून आणि कशी येतील याचा विचार केला नव्हता.

2001 ते 2011 या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 33.4 लाखांवरून 30.9 लाखांवर उतरली. त्याच 2011 मध्ये अविभाजित ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाखांसह देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. 2014 पासून सुरू झालेल्या मेट्रोने काही भागांतला प्रवास सुसह्य केला आहे. तिच्या प्रत्येक नव्या मार्गालगत घरांचे दरही चढले.

संपात नोकरी गेलेल्या गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना गिरण्यांच्या जमिनीच्या एका हिश्श्यावर घरे द्यायची, असे ठरले होते. म्हाडाच्या सोडतींतून काही हजार जणांना ती मिळाली. त्यांतली काही पनवेलजवळच्या कोन गावात होती. उरलेल्यांसाठी शेलू आणि वांगणीचा प्रस्ताव पुढे आला. ही गावे कर्जतच्या मार्गावर, सीएसएमटीपासून (पूर्वीच्या व्हीटीपासून) सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहेत. 9 जुलै 2025 रोजी आझाद मैदानावर जमलेल्या कामगारांनी आणि वारसांनी तो नाकारला आणि मुंबईतच घर देण्याची मागणी केली. ती रास्त आहे. त्यांनी किंवा त्यांच्या आईवडिलांनी ज्या जमिनीवर कष्ट केले ती जमीन कामाच्या जवळ असण्यामुळेच आज सोन्याच्या भावाची झाली आहे. तिच्या बदल्यात दिवसाचे चार तास गाडीत घालवायला लावणारे घर देणे हा मोबदला ठरत नाही. सरकारने यापुढे कोणतीही घरयोजना जाहीर करताना घराच्या किमतीबरोबर तिथून कामाच्या ठिकाणांपर्यंत लागणारा वेळही छापावा.